न भरलेली नळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. दोन-तीनदा सांगायला बसले होते, आणि मग चहा टाकायचं निमित्त करून उठले. आज उठणार नाही.

सत्त्याण्णव साल असेल. नेरूळला एका छोट्या लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी, मूळचे साताऱ्याकडचे. घरात पांढरा कोट घालणारी मी पहिलीच. त्यामुळे मी काहीही केलं तरी घरच्यांना ते मोठं वाटायचं. काय करत होते मी? बोटं टोचायची, शिरेतून रक्त काढायचं, स्लाइड रंगवायच्या, आकडे लिहायचे. लॅबचे डॉक्टर, म्हणजे आमचे सर, दुपारी अडीचला यायचे, रिपोर्टांवर सह्या करायचे आणि दुसऱ्या लॅबला जायचे. बाकी दिवसभर मी एकटीच. मी लिहीन तो आकडा खरा.

हे वाक्य पुन्हा वाचा हवं तर. मी लिहीन तो आकडा खरा.

सुनंदाला तिची सासू घेऊन आली. करावे गावातली माणसं. सुनंदा सत्तावीस-अठ्ठावीसची, घरी ब्लाऊज शिवायची. नवरा दिनेश तळोज्याला केमिकल कंपनीत, आणि एक चार वर्षांची मुलगी. चिठ्ठी मनाच्या डॉक्टरांची होती. सासू बाकावर बसायच्या आधीच बोलायला लागली. "हिला कोन तरी हाका मारतंय म्हनते. आमाला कुनाला ऐकू येत नाय. परवापासून झोपली नाय, बाय."

सुनंदाने रक्त काढायला हात पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "ताई, सकाळी बोटं वळतच नाहीत. कात्री धरता येत नाही." मी बघितलं. बोटांचे सांधे सुजले होते, अंगठी रुतली होती. अंग तापलेलं. दोन्ही गालांवर आणि नाकाच्या मधोमध लाल चट्टा, उन्हात जाऊन आल्यासारखा. हे सगळं मी बघितलं. दिसलं नाही असं मला म्हणता येत नाही.

चिठ्ठीत डॉक्टरांनी दोन तपासण्या लिहिल्या होत्या. साधं रक्त आणि ईएसआर. खाली बारीक अक्षरात— ताप, सांधेदुखी, शारीरिक कारण आहे का पाहावे. म्हणजे त्यांना शंका आली होती. त्यांनी विचारलं होतं, आणि उत्तर मी द्यायचं होतं.

ईएसआर म्हणजे सगळ्यात साधी तपासणी. काचेच्या बारीक नळीत रक्त भरायचं, नळी स्टँडवर उभी लावायची आणि तासभर हात लावायचा नाही. लाल पेशी खाली बसत जातात. किती मिलिमीटर बसल्या ते वाचायचं. अंगात कुठे दाह असेल तर त्या भराभर बसतात. मशीन नको, लाइट नको. एक तास हवा, बस.

सव्वा वाजला होता. धुतलेली नळी एकही नव्हती. सकाळच्या सगळ्या सिंकमध्ये पडलेल्या. धुवायच्या, वाळवायच्या, मग तासभर थांबायचं, आणि सर अडीचला येणार. मला भूक लागली होती. डबा उघडला होता मी. मेथीची भाजी होती.

कारण विचाराल तर एवढंच आहे. घरी कुणी आजारी नव्हतं. मी काही टेन्शनमध्ये नव्हते. भूक लागली होती, आणि मनाच्या डॉक्टरांकडून आलेल्या पेशंटचे रिपोर्ट नॉर्मलच येतात हे मला अनुभवाने माहीत होतं. हिमोग्लोबिन केलं, पेशी मोजल्या, ते खरं. ईएसआरच्या पुढे मी चौदा लिहिलं. बाईला चौदा म्हणजे नॉर्मल. दहा लिहिलं असतं तर फार गोल वाटलं असतं, म्हणून चौदा.

आणि असं मी पहिल्यांदा करत होते का? नाही. तेही सांगून टाकते.

सरांनी सही केली. संध्याकाळी सासू रिपोर्ट घेऊन गेली. मला काही वाटलं नाही. तुम्हाला वाटत असेल, झोप उडाली असेल. नाही उडाली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं, कारण सासू दर दोन-तीन आठवड्यांनी स्वतःची शुगर बघायला यायची. सुनंदाला गोळ्या सुरू झाल्या. मग गोळ्या वाढवल्या. मग शॉक दिले. मुलीला सुनंदाच्या माहेरी ठेवलं, कारण ती मुलीला ओळखेनाशी झाली होती. सासू म्हणाली, "भगताकडं नेली. त्यानं पाला दिलाय, सकाळ-संध्याकाळ पाजते." मी तिचं बोट टोचत होते. तिचं बोलणं ऐकत होते आणि शुगर किती येते ते बघत होते.

सात महिन्यांनी सुनंदाचे पाय सुजले, लघवी कमी झाली. दिनेशने तिला मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे निदान झालं— ल्युपस. सरांनी मला समजावलं. शरीराची प्रतिकारशक्तीच उलटते. बाहेरच्या जंतूंशी लढायचं सोडून ती आपल्याच सांध्यांवर, कातडीवर, किडनीवर, मेंदूवरसुद्धा तुटून पडते. "तिच्या डोक्यातले ते आवाज, तेही त्याचेच," सर म्हणाले. "वेड नव्हतंच ते. तिथे ईएसआर एकशे दहा निघाला."

दिनेश जुना रिपोर्ट घेऊन लॅबमध्ये आला होता. भांडायला नाही, विचारायला. मनाच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की ईएसआर नॉर्मल होता म्हणून फिजिशियनकडे पाठवलं नाही. सासू त्याच्या मागे दारात उभी होती. सरांनी कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"त्या दिवशी ईएसआर लावला होतास ना?"

"हो सर."

दोन शब्द. त्यांनी विश्वास ठेवला. का ठेवू नये? ते दिनेशला म्हणाले, म्हणजे तेव्हा आजार एवढा उठला नसेल, नंतर भडकला असेल. कशाने भडकतो ते सांगता येत नाही.

पण दिनेशला ते सांगता येत होतं. तो वळला आणि आईला म्हणाला, "तुज्या पाल्यानं. रगत चांगलं होतं तवा. तूच वाटोलं केलंस तिचं."

सासू पदर तोंडावर धरून उभी राहिली. मी तिथेच होते. टेबलाच्या या बाजूला. एक वाक्य पुरलं असतं. मी रजिस्टर बंद केलं आणि कपाटात ठेवलं.

स्टेरॉइड सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच सुनंदाचे आवाज थांबले. डोकं स्वच्छ झालं, मुलगी परत आली. किडन्या मात्र परत आल्या नाहीत. ती दर महिन्याला माझ्याकडेच रक्त द्यायला यायची. म्हणायची, "ताई, तुमच्या हातानं दुखत नाही." एकदा माझ्यासाठी ब्लाऊज शिवून आणला, माप न घेता. बरोबर बसला. मी तो घातला. लग्नाला घातला एका.

लवकर कळलं असतं तर किडन्या वाचल्या असत्या का? मला माहीत नाही. कदाचित नसत्याही वाचल्या. हा कदाचित मी पुष्कळ वर्षं वापरला. पण शॉक? ते सात महिने? आपल्याला न ओळखणारी आई बघितलेली ती मुलगी? तिथे तो कदाचित चालत नाही.

सुनंदा दोन वर्षं जगली.

ती गेल्यावर महिन्याभराने सासू एकटीच लॅबमध्ये आली. शुगर बघायची नव्हती. पिशवीतून सुनंदाची फाइल काढली आणि माझ्यासमोर ठेवली. दिनेश अजून आईशी नीट बोलत नव्हता, हे मला ठाऊक होतं. वाचता येत नसलेल्या कागदांवरून तिने हात फिरवला.

"बाय, तू शिकलेली हायस. डाक्टर मला सांगनार नाय. तू खरं सांग. माज्या पाल्यानंच गेली ना ती?"

लॅबमध्ये दुसरं कोणी नव्हतं. सर यायला तासभर होता. एवढी सोपी वेळ कुणाला मिळत नसेल.

मी म्हटलं, "आजी, आता कशाला तो विचार करता."

हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिने मान हलवली, उत्तर मिळाल्यासारखी. फाइल परत पिशवीत घातली. "तू लय केलंस तिचं," म्हणाली आणि उठली.

जिना उभा होता. एका हाताने कठडा धरून ती एकेक पायरी उतरत होती, दोन्ही पाय एका पायरीवर टेकवून मग दुसरी. खूप वेळ लागला तिला. मी वरून बघत होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. ती खाली पोहोचली, चपला नीट केल्या, आणि रस्त्याला लागली.

मी हाक मारली नाही.