ट्रॉलीचं ग्रीस जीपच्या चाकात

मंडळी, घाईत लिहितोय. सकाळी आमच्या आबांनी दाजींच्या जुन्या जीपच्या पुढच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं आणि ताई-दाजी लगेच रत्नागिरीला निघाले.

आत्ता डबा बघितला, तर ते उसाच्या ट्रॉलीचं साधं ग्रीस! ट्रॉली सावकाश चालती, तिला ते पुरतंय. पण आंबा घाटात ब्रेक तापले की ते पातळ होऊन थेट ब्रेकवर उतरणार, अन् ब्रेक लागायचेच न्हाईत.

आबांना विचारलं, तर म्हणाले, "ग्रीस ते ग्रीस. त्यात काय बघायचं असतंय?" समजावून सांगितलं, तवा स्वतःच फोन लावाय लागले.

ताई-दाजी, दोघांचाबी फोन लागत न्हाय. पावणं, मलकापूरच्या पुढं आत्ता कोण हाय का? पांढरी जुनी जीप दिसली तर घाटाआधी थांबवा की!

आबा हातावरचं ग्रीस न धुताच फोनजवळ बसलेत.