रजियाबीनं हात मांगं घेतले

लग्न होऊन मी ह्या घरी आली तवा आत्याबाईनं मले दोन गोष्टी बजावल्या. चुलीवरचं दूध सोडून जायाचं नाई, अन् पिंजाऱ्याच्या रजियाबीले उंबऱ्याच्या आत घ्यायाचं नाई. आत्याबाई म्हंजे माही सासू, पार्बताबाई. दुधाचं समजलं. रजियाबीचं काहून, म्हनून विचारलं, तं म्हने, "नवऱ्याचा हात पाह्य, मंग समजन."

आमच्या मालकांचा डावा हात जलमापासून लुळा. खांद्यापासून नुसता लोंबे. धोतर नेसवून द्याले मी, बैलाची वेसन घालाले त्यांचा भाऊ. त्यांच्या जलमाच्या वक्ती सुईन होती रजियाबी. लेकरू मोठं होतं, खांदा अडकला, तिनं डोकं धरून वढलं अन् खांद्यातलं काहीतरी तुटलं. पार तेल्हारा गावापावतर सारे असंच सांगत. तवापासून जमीनवाल्यांनी तिले बोलावनं सोडलं.

पन बाई मोठी चिवट! नवरा नबी पिंजारी मरून गेला, पोटी लेकरू नाई, तरी तिनं सुईनपन सोडलं नाई. मजूर बायांच्या झोपड्यात जाये, कापूस वेचनीच्या दिवसात वावरात जाये. कोनी लुगडं देल्लं तं घे, नाई देल्लं तं हासत घरी जाये. विहिरीवर बाया सांगत, तिची एक खोड हाये. लेकरू झालं का ते पोरगं हाये का पोरगी ते मंग पाह्यते. आधी त्याच्या दोन्ही मुठीत आपली बोटं देते अन् हात वर उचलून पाह्यते.

मंग कपाशीचं ते साल आलं. समुद्रापलीकडं गोरे लोक आपसात लढून राह्यले होते म्हनत, अन् इकडं आमच्या काळ्या वावरातल्या बोंडाले सोन्याचा भाव. ज्याच्या भाकरीवर तेल नव्हतं तो तुपात बोटं बुडवाले लागला. आमच्या घरी अकोल्याहून पलंग आला, त्याच्यावर नव्या कापसाची हातभर जाड गादी. त्याच वक्ती माही लहानी जाऊ, कौशल्या, दुसऱ्यांदा पोटुशी होती. पहिली पोरगी माहेरी झाली होती, हे बाळंतपन आमच्याकडं.

आत्याबाईनं तिले जे चारलं ते काय सांगू! सकाळी डिंकाचे लाडू, दुपारी तूप-पोळी, रातच्याले दूध. झाडूलेबी हात लावू देये ना. पोट असं वाढलं का पोरीले उठता-बसता दम लागे. मी म्हनलं, "आत्याबाई, तिले जराशी हालू द्या." तं माह्यावरच उखडली, "तू गप वं! दलिंदर गेलं आता आपलं. माह्या सुनंनं काहून खपावं?"

दिवस भरले तवा आत्याबाईनं शेजारच्या गावची सुईन तानुबाई बोलावली. तिनं पोट चाचपलं अन् मोठ्या तोऱ्यात म्हने, "लेकरू धिप्पाड हाये. पन तुमी घाबरू नका, असे कितीक म्या वढून काढले." आमचे मालक आंगनात बसले होते. त्यांनी ते आयकलं. भावाले बैलाची दमनी जुंपाले लावली अन् सरळ रजियाबीच्या दारात जाऊन उभे राह्यले.

दमनीतून ती उतरली अन् घरात जसा जळता इस्तो पडला. तानुबाई फणकाऱ्यानं निघून गेली. आत्याबाई दारात आडवी झाली. "खुशाल, ह्या बयेनं तुहा हात खाल्ला, अन् तू तिलेच घरात आनतं?"

"म्हनूनच आनली, माय," मालक म्हने. "वढल्यानं काय होते ते तिच्याइतकं कोनाले माहीत हाये?"

रजियाबी खाली मान घालून उभी होती. आतून कौशल्या कळंनं वरडली, तशी आत्याबाई बाजूले झाली. रजियाबी आत आली अन् पहिलंच बोलली, "हिले जमिनीवर घ्या." आत्याबाई म्हने, "एवढा पलंग काय पाह्याले आनला? माही सून पलंगावरच बाळंत होईन." पाहा मंग! मानसाले चार दाने जास्ती झाले का अक्कल अशी गहाण पडते. रजियाबीनं वाद घातला नाई.

दिवस चांगला वर आला होता. डोकं आलं. आलं अन् कासवावानी मांगं गेलं, खांदा आतच अडकला. गाल फुगले, तोंड निळं पडाले लागलं. कौशल्या गादीत कमरंपावतर रुतली होती, तिले हालता येये ना.

"वढ वं, वढ! काय पाह्यते?" आत्याबाई चिरकली अन् वरून दोन्ही हातानं पोट दाबाले लागली.

रजियाबीनं आपले दोन्ही हात मांगं घेतले.

"पोट सोड, पार्बताबाई," ती म्हने. आवाज थंड होता. "तवाबी तू अशीच वरडली होती. वढ, वढ. तवा मी तुहं आयकलं. आज नाई आयकत."

आत्याबाईचं तोंड पांढरं फटक पडलं.

"शकुन बेटी," रजियाबी मले म्हने, "उतरव तिले. आपन सारवाले बसतो तशी बसव, हातावर अन् गुडघ्यावर."

"माही सून जनावरावानी?" आत्याबाई पुटपुटली.

"जनावरायची पोरं लुळी नाई होत, बाई."

मंग मी सासू-बिसू काही पाह्यली नाई. आत्याबाईचे हात झटकले, कौशल्येच्या काखेत हात घातले अन् तिले खाली घेतलं. सारवल्या जमिनीवर ती हात-गुडघे टेकून बसली. मी तिचं डोकं माह्या छातीशी धरलं. माह्या डोळ्यापुढं नुसता मालकांचा तो लोंबता हात! देवा, काही कर, मी म्हनलं, पन दुसरा तसा हात ह्या घरात देऊ नको.

"जोर तू लाव, पोरी," रजियाबी म्हने. "मी फक्त झेलते."

कळ आली. वरच्या अंगचा खांदा हलला. रजियाबीनं दोन बोटं बगलेत सारून त्याले वाट देल्ली, मानेले मातर हात लावला नाई. अन् लेकरू सुळकन तिच्या पदरात आलं. रडे ना. तिनं पाठ चोळली, तोंड पुसलं, या अल्ला म्हने, अन् ते असं बोंबललं का वसरीवर आयकू गेलं.

मंग तिनं मुठीत बोटं देल्ली. उजवा हात वर आला. डावाबी वर आला. मी ढसाढसा रडली.

मालक दाराबाहेर उभे होते. "हात?" एवढंच विचारलं.

"दोन्ही," मी म्हनलं. ते तिथंच पायरीवर बसले.

रजियाबी हात धूत होती तवा मी विचारलं, हे कुठं शिकली. म्हने, वेचनीवाली एक बाई कपाशीच्या दोन वळीमधल्या तासातच हात-गुडघ्यावर बाळंत झाली. हिच्या पोराहून मोठं पोरगं, अन् कोनी त्याले बोट लावलं नव्हतं. तवापासून अडलं का ती तसंच करे. "अन् आत्याबाईचं कोनाले काहून नाई सांगितलं?" मी म्हनलं. तं म्हने, "हात तं माहेच होते, बेटी. अन् तिले तो लुळा हात रोज पाह्याचा होता. त्याच्यावर आनखी ओझं काहून देऊ?"

बारशाले गाव गोळा झालं. आत्याबाईनं सोता निरोप धाडून रजियाबीले बोलावलं होतं. एका बाईनं नाक मुरडलं, "हिले कशाले? हिनंच नाई का तुमच्या खुशालचा हात घालवला?"

आत्याबाई पाळन्याजवळून उठली. म्हने, "खुशालचा हात म्या घालवला. ती नाई नाई म्हनत होती, म्या तिच्या अंगावर वरडून वढाले लावलं. अन् मंग इतकी सालं तिचं नाव घेत राह्यली. आयका साऱ्याजनी."

पाळन्याचं गानं थांबलं. मालक वसरीवरून आत आले. त्यांच्याजवळ कोनी कधी लेकरू देल्लं नव्हतं, आत्याबाईच देऊ देये ना, पडन म्हने. ते तिच्यापुढं बसले अन् म्हने, "माय, दे त्याले माह्याजवळ."

आत्याबाईनं पोट्टं त्यांच्या उजव्या हातात देल्लं. अन् मंग रजियाबीच्या गळ्यात पडून अशी रडली का तिले आवरता आवरना.