रडून दाखवा ना, निमाताई!

पॅकिंगमधल्या बायकांकडे इतके किस्से कसे साठतात, असं लोक विचारतात. कारण अगदी साधं आहे. अख्खी शिफ्ट तोंडाला मास्क! डोक्यावर टोपी, अंगात पांढरा गाऊन, समोरच्या पट्ट्यावरून गोळ्यांची पाकिटं सरकतायत आणि बोलायला बंदी. मग जे घडतं ते आत तुंबत राहतं. शिफ्ट सुटून बस तारापूर एमआयडीसीच्या गेटाबाहेर पडली, की आम्ही सगळ्या एकदम सुटतो. ड्रायव्हर म्हणतो, "मी हॉर्न कशाला वाजवू? लोक तुमच्याच आवाजानं बाजूला होतात!"

बोईसर स्टेशन येतं, तरी बोलणं संपत नाही. त्यातले निम्मे किस्से निमाताईचे.

निमाताई म्हणजे एकेकाळची बेबी निमा. मूळची कोल्हापूरची. लहानपणी पाच-सहा पिक्चर केले, मग उंची वाढली आणि कामं बंद झाली. लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीपायी बोईसरला भाड्याच्या खोलीत आली आणि शेवटी आमच्या पट्ट्यावर. तिचा एक पिक्चर अजून प्रत्येक सणाला टीव्हीवर लागतो. त्यात आई गाडीत बसून निघून जाते आणि एवढीशी पोर प्लॅटफॉर्मवर रडत धावते. काय रडलीये! आमच्या घरी तर तो सीन आला की पोळ्या तव्यावर करपायच्या.

इतकं रडलेली ही बाई, पण आम्ही तिचे डोळे कधी ओले पाहिले नाहीत. आणि भेटेल त्याला तिच्याकडून तेवढंच हवं असायचं. एकदा रडून दाखवा! तिचंही मागणं एवढंच होतं, की कुणी तेवढं सोडून काहीही मागावं.

*

ती आली तो पहिला दिवस. टोपी-मास्कमधून डोळे तेवढे दिसत होते. समोर आमची पाम गावची भारती. भारतीनं तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि खाडकन पट्टाच बंद केला. आमच्याकडे चालू पट्टा थांबवणं म्हणजे महापाप! सुपरवायझर धावत आला, त्याला वाटलं कुणाचा हात अडकला.

"आगो, ही ती रडणारी पोर हाय!" भारती ओरडली.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या कंपनीला कळलं. ऑफिसमधले एक साहेब तर स्वतःच्या हातानं चहा घेऊन आले. "मॅडम, एकदा रडून दाखवा ना. फक्त दोन थेंब!"

निमाताई म्हणाली, "साहेब, दोन थेंब पट्ट्यावर पडले तर तुमची अख्खी बॅच रिजेक्ट होईल."

साहेब स्वतःचा चहा स्वतःच पिऊन गेले.

*

या बाईला बसता म्हणून येत नाही. कॅन्टीनमध्ये ताट हातात घेऊन उभी. बसमध्ये सीट रिकामी असली तरी दांड्याला धरून उभी, आणि उभ्या उभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर. तिच्याकडे बघून मलाच धाप लागते. एकदा वैतागून मी म्हटलं, "अगं बस की! कुणी पाठीमागे लागलंय का?"

तेव्हा कळलं. शूटिंगला सकाळीच मेकअप करून तयार ठेवायचे आणि बोलावणं कधी येईल त्याचा नेम नाही. बसलं की फ्रॉक चुरगळतो, म्हणून तिची आई तिला बसूच द्यायची नाही. पोर दुपारपर्यंत झाडाखाली उभी.

"आता कुठं फ्रॉक घातलायस?" मी तिला ओढून खिडकीजवळ बसवलं. सरावलीचा नाका येईपर्यंत बसली बिचारी, मग परत उभी राहिली.

नव्या ड्रायव्हरला हे माहीत नव्हतं. तो म्हणाला, "ताई, बसा, ब्रेक मारला तर पडाल."

"बसते," निमाताई म्हणाली, "शॉट झाला की बसते."

*

तिच्या आईला आम्ही सगळ्या आक्का म्हणतो. आक्का तिच्याकडेच राहतात. पॅकिंगमध्ये मोबाइल चालत नाही, म्हणून आक्का चहाच्या प्रत्येक सुट्टीला गेटवरच्या फोनवर फोन करतात. निरोप एकच. मग गेटवरचे यादवजी इंटरकॉमवर खणखणीत आवाजात सांगतात, "निमा मॅडम, माताजीने बोला है, मैं यहीं हूँ!"

बास. एवढंच. निमाताई मान हलवते आणि कामाला लागते. आम्हाला वाटायचं, म्हातारीला चाळा आहे.

एक नवे मॅनेजर आले. शिस्तीचे! म्हणाले, कंपनीचा फोन हा काय घरगुती निरोपांसाठी आहे? उद्यापासून बंद!

दुसऱ्या दिवशी पहिली सुट्टी गेली, निरोप नाही. निमाताईचे हात चुकायला लागले. पाकिटं उलटी गेली. ती दारापर्यंत गेली, परत आली, परत गेली. आता एकदा बाहेर पडलं की गाऊन बदला, हात धुवा, टोपी बदला, मगच आत. जेवणापर्यंत तिनं गाऊनचा ढीग घातला आणि पट्टा आमचा रखडला तो रखडलाच. मॅनेजर काचेतून बघत होते. शेवटी ते तरातरा गेटवर गेले आणि स्वतः फोन लावला.

"आक्का, तुम्ही आहात ना तिथंच?"

यादवजी सांगतात, पलीकडून आवाज आला, "मी कुठं जाणार, बाबा? तू जेवलास का न्हाईस?"

*

आक्का वर्षातून एकदा कोल्हापूरला जातात. पण रेल्वेनं नाही! निमाताई बोईसर स्टेशनच्या बाहेर बसमधून उतरते, आत पाऊल टाकत नाही. आक्कांना एसटीत बसवते आणि आक्का वाटेतल्या प्रत्येक थांब्यावरून गेटवर फोन करतात.

यादवजी मूळचे गोरखपूरकडचे. महाराष्ट्रात बोईसरच्या पुढे काही पाहिलेलं नाही. पण आता त्यांना मनोरपासून कोल्हापूरपर्यंतचा रस्ता पाठ झालाय. परवाच्या खेपेला इंटरकॉम वाजला. "मॅडम, माताजी कराड में हैं. बोला है, यहीं हूँ. और भजी बासी है."

*

गणपतीत आमच्या कॉलनीनं निमाताईला पाहुणी म्हणून बोलावलं. लहान मुलांची अभिनय स्पर्धा होती. एक पाच-सहा वर्षांची पोर स्टेजवर आली, इकडेतिकडे पाहिलं आणि जे भोकाड पसरलं! मांडवात टाळ्यांचा कडकडाट. "वा! दुसरी बेबी निमा!" माईकवाला ओरडला. सगळे फोन वर.

निमाताई खुर्चीवर नव्हतीच, नेहमीसारखी बाजूला उभी होती. ती धावत स्टेजवर गेली, पोरीला उचललं आणि माईक हिसकावून घेतला. "टाळ्या काय वाजवताय? हिची आई कुठाय? आधी आई दाखवा हिला!"

आई प्रसादाच्या रांगेत सापडली. पोर तिला चिकटली आणि गप्प झाली. मग आयोजक म्हणाले, पहिला नंबर कुणाचा? निमाताईनं करंडक त्या आईच्या हातात दिला आणि खाली उतरली.

घरी येताना रिक्षात ती मला म्हणाली, "त्या पिक्चरमध्ये मी ॲक्टिंग केलीच नव्हती. मला रडू येईना. मग त्यांनी सांगितलं, तुझी आई खरंच त्या गाडीनं गेली. आता येणार नाही."

"आणि आक्का?"

"लाइटच्या मागं उभी होती. तोंडावर पदर दाबून. तिला सांगितलं होतं, आवाज केलास तर शॉट वाया जाईल."

इतकी वर्षं आम्ही तो सीन पोळ्या करपवून बघत होतो! रागानं माझे कान तापले. आणि आक्कांना चाळा कसला आहे, ते तेव्हा कळलं.

*

आता शेवटचा, अगदी ताजा. आक्कांच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं. पालघरच्या हॉस्पिटलात. मी आणि भारती रजा टाकून गेलो. आक्कांना आत नेलं तेव्हा निमाताई खाली कागदांवर सह्या करत होती. वर आली तर स्ट्रेचर गेलेलं. दार बंद, वर लाल दिवा. तिची नि आईची भेट झालीच नाही.

मग ती चालायला लागली. दारापासून जिन्यापर्यंत, जिन्यापासून दारापर्यंत. चेहरा कोरडा ठणठणीत. नजरेला नजर देईना.

तेवढ्यात बाकावरचा एक गृहस्थ उठला. "अहो, तुम्ही त्या बेबी निमा ना? एक फोटो! जरा तसा रडका चेहरा करा ना!"

भारतीनं त्याला हातभर मागे सारला. "ओ दादा, हिची आय आत हाय! तुमाला काय अक्कल हाय का नाय?"

आणि दार उघडलं. हिरव्या टोपीतला वॉर्डबॉय बाहेर आला, अवघडलेला. "निमी कोण हाय?"

मीच निमाताईकडे बोट दाखवलं.

"ताई, आमी काय करू? आजी कुणाला हात लावू देत नाय. डॉक्टर खोळंबलेत. आजी म्हणतात, आधी भायेर जा आन निमीला सांग, मी इथंच हाय."

निमाताई मटकन खाली बसली. फरशीवरच. आणि रडली! नाक, डोळे, सगळं वाहत होतं, आवाज जिन्यातून खालपर्यंत गेला. भारतीही रडली, मीही रडले, वॉर्डबॉय पटकन आत पळाला.

तो गृहस्थ अजून तिथंच होता. त्यानं थोडा वेळ नीट बघितलं, फोन खिशात टाकला आणि म्हणाला, "पण पिक्चरमध्ये याच्यापेक्षा भारी रडला होतात."

निमाताईनं पदरानं नाक पुसलं. रडता रडता हसली.

"असणारच की! तेव्हा आई गेली होती ना!"