अकरा जणांवर रागावलेले शांतवनकाका

आम्ही दिल्लीत मयूर विहारमध्ये राहायला आलो त्या सकाळी सोसायटीच्या गेटवर एक उंच, सडपातळ गृहस्थ हातात थर्मास घेऊन उभे होते. ट्रक थांबला, माझा नवरा खाली उतरला, आणि त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्याच्यापुढे धरला. "रविवारी सकाळी येणार असं तुम्ही सेक्रेटरींना कळवलं होतं ना," ते चक्क मराठीत म्हणाले, "म्हणून उभा आहे." खरं तर त्या सोसायटीत कुणाचा कुणाच्या शब्दावर विश्वास उरलेला नव्हता. फ्लॅटचा ताबा पुढच्या दिवाळीला, पुढच्या दिवाळीला असं ऐकत लोकांची मुलं शाळेतून कॉलेजात गेली होती. रविवारी येणार म्हणजे फार तर बुधवारी उगवणार, असं गृहीत धरून सेक्रेटरी चोप्रासाहेब आमची किल्ली खिशात घालून करोल बागेत मेव्हण्याकडे निघून गेले होते. दुपारपर्यंत आम्ही आमच्याच ट्रंकांवर बसून काकांचा चहा पीत राहिलो.

हे शांतवन भिंगारदिवे. मूळचे नगरचे, घराणं आजोबांपासून ख्रिस्ती, आणि स्वतः केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर. कुणी "अमक्या वेळेला परत येतो" असं म्हणालं की त्या वेळेला काका गेटवर हजर. चोप्रासाहेबांची मुलगी परीक्षा देऊन आली, काका गेटवर. मेश्राम वहिनी नागपूरहून आल्या, काका गेटवर. लोक इतके सावध झाले, की त्यांच्यासमोर वेळ सांगायचं टाळू लागले. चोप्रासाहेब बायकोला दटावायचे, "शांतवनजी को मत बताना, यार. वो खड़े हो जाएँगे."

या खोडीचं मूळ मला पुढे कळलं. काकांचा येशूच्या अकरा शिष्यांवर राग होता. बारावा ज्यूडास, त्याच्याविषयी ते बोलतच नसत. "तो फितूर होता, विषय संपला. पण हे अकरा? स्वतः प्रभूनं एकदा नाही, तीनदा सांगितलं. मला धरतील, मारतील, आणि तिसऱ्या दिवशी मी उठेन. इतकं सरळ. आणि तिसऱ्या दिवशी पहाटे कबरीपाशी कोण? एकही नाही. दारं लावून घरात बसले. माझ्या सेक्शनला असते ना, बेटा, एकेकाला मेमो दिला असता."

"पण बायका गेल्या होत्या ना, काका?" मी एकदा म्हटलं.

"गेल्या. पण काय घेऊन गेल्या? प्रेताला लावायची सुगंधी द्रव्यं. म्हणजे तो उठणार नाही, हे त्यांनीही धरूनच ठेवलं होतं. चहा घेऊन कुणी गेलं नाही."

भविष्यवाण्या हा त्यांचा आवडता विषय होता. भाजीच्या गाडीपाशी दोडका निवडता निवडता ते सुरू व्हायचे. योना संदेष्टा तीन दिवस माशाच्या पोटात राहून बाहेर आला, ती प्रभू उठणार याची पहिली खूण. कापायला नेलेल्या मेंढरासारखा प्रभू गप्प राहील, हे यशया संदेष्ट्यानं शेकडो वर्षं आधी सांगून ठेवलेलं. हे मंदिर पाडा, तीन दिवसांत उभं करतो, असं प्रभू म्हणाला तेव्हा स्वतःच्या देहाविषयी बोलत होता, आणि लोक मात्र गवंडी किती लागतील याचा विचार करत बसले. "सगळं फायलीवर होतं," काका म्हणायचे, "वरपासून खालपर्यंत. सांगितलेलं असतं हो. ऐकणारा नसतो." तोवर दोडकेवाला पुढच्या ब्लॉकला पोचलेला असायचा.

आमच्या मजल्यावरच्या मेश्राम वहिनी मूळच्या नागपूरच्या, बौद्ध, विज्ञानाच्या पदवीधर आणि वादाला पक्क्या. त्या म्हणायच्या, "काका, मेलेला माणूस उठत नाही. बिल्कुल नाही."

"उठतो की नाही ते नंतर बघू, वहिनी. पण उठणार असं सांगितलं होतं, तर सकाळी जाऊन बघायला काय हरकत होती?"

वहिनी थोडा विचार करून म्हणायच्या, "ते मात्र खरं." आणि दर ईस्टरला पहाटे गच्चीवर पहिली सतरंजी त्याच अंथरायच्या.

गच्चीवरची ती उपासना काकांनीच सुरू केली होती. दिल्लीतली चर्चं हिंदीत आणि इंग्रजीत, आणि काकांना पुनरुत्थानाची पहाट मराठीत हवी होती. मग ख्रिस्ती कुटुंबं दोन आणि उरलेले आम्ही सगळे, असा तो मेळा जमायचा. काकांच्या पत्नी एस्तेरकाकू झांजा घेऊन भजन म्हणायच्या. त्यांचा आवाज टिपेला पोचला की शेजारच्या ब्लॉकमधले दिवे पटापट लागायचे. नंतर भरपूर अंडी आणि पाव. केबलवाल्यानं गच्चीभर पसरलेल्या वायरींत पाय अडकून दरवर्षी कुणीतरी पडायचं, आणि ते बहुधा चोप्रासाहेब असायचे.

या एस्तेरकाकू बुटक्या, गोल, कमी बोलणाऱ्या. दिल्लीत तीस वर्षं काढून त्यांचं मन नगरातच राहिलं होतं. तिथे त्यांची बहीण होती, मंडळी होती, भजन म्हणताना मागून धरणारे पाच-पन्नास आवाज होते. काका निवृत्त झाले त्या संध्याकाळी, गळ्यात हार असतानाच, त्या म्हणाल्या, "आता नगरला राहायला जायचं." काका म्हणाले, "बघू." नवं वॉशिंग मशीन घरात आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे इथे बसवू नका. नगरला न्यायचंय." काकांनी ते बसवून घेतलं. तिसऱ्यांदा तर माझ्यादेखत. काकू कणीक मळत होत्या आणि काका मला मेमोचंच सांगत होते. काकू म्हणाल्या, "अहो, मी खरंच जाणारे." काका मला म्हणाले, "तर काय सांगत होतो, बेटा, तीनदा सांगितलं त्यांना."

मला हसू आवरेना. काकूंनी परातीतून मान वर केली आणि म्हणाल्या, "दिव्याखाली अंधार."

संक्रांतीच्या सुमारास काकू खरोखर गेल्या. भांडण नाही, अबोला नाही. जिन्यात उभ्या राहून, मी ऐकत असताना, त्यांनी नीट सांगितलं, "ईस्टरला उजाडायच्या आत मी दारात असेन. तुम्ही स्टेशनवर यायचं नाही. घरी थांबायचं आणि नगरचं काय ते उत्तर द्यायचं. उत्तर नसेल तर त्याच पावली परत जाईन, आणि मग पुन्हा यायची नाही."

त्यानंतरचे काका बघवत नव्हते. भाकरी करपवायचे, दुधाचं पातेलं विसरायचे, आणि अकरा जणांविषयी एक शब्द काढायचे नाहीत. सोसायटीत सगळे तज्ज्ञ. चोप्रासाहेब म्हणाले, "भाभीजी अब क्या आएँगी." माझ्या नवऱ्याचंही तेच मत. काका मला म्हणाले, "येईल ना गं ती?" योना माशातून बाहेर आला याविषयी त्यांना कधी शंका नव्हती. बायको नगरहून येईल याविषयी मात्र होती.

ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी ते आमच्याकडे आले. "बेटा, सतरंज्यांचं तू आणि मेश्राम वहिनी बघा. मी पहाटे निजामुद्दीनला जातो. तिची गाडी तेव्हाच येते."

"काका, त्या स्टेशनवर येऊ नका म्हणाल्या होत्या."

"असं म्हणतात गं बायका. जो सांगून येतो त्याच्यासाठी जाऊन उभं राहायचं असतं." ज्या माणसानं आयुष्यभर थांबायची प्रॅक्टिस केली, त्याला घरी थांबायचं सुचलं नाही.

पहाटे आम्ही दोघी सतरंज्या घेऊन जिना चढत होतो. दिवा गेलेला. काकांच्या कुलूपबंद दारापाशी डोक्यावरून शाल घेतलेली कुणी बाई पाठमोरी बसली होती. वहिनींना वाटलं, कचरेवाली लवकर आली. "बहनजी," त्या म्हणाल्या, "आज कूड़ा नहीं है, बाद में आना."

"वहिनी," शाल म्हणाली, "मी आहे."

मेश्राम वहिनींच्या हातातली सतरंजी जी सुटली ती उलगडत दोन मजले खाली गेली. काकू आदल्या दिवशीच दिल्लीत पोचल्या होत्या. नगरच्या महिला मंडळाची दिल्ली सहल, मुक्काम कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात. तिथून पहाटे टॅक्सी करून, सांगितल्याप्रमाणे, उजाडायच्या आत दारात. "हे स्टेशनवर गेले असणार," त्या म्हणाल्या. "मी दारात म्हटलं होतं." आणि त्यांनी शालीचं टोक डोळ्यांना लावलं. या बाईनं उठून टॅक्सी गाठली असती तर सगळंच संपलं असतं.

वहिनींना त्यांच्यापाशी बसवून मी धावत सुटले. चोप्रासाहेबांना उठवलं. ते पायजम्यातच नव्या मारुतीत बसले आणि यमुनेचा पूल ओलांडेपर्यंत एकच वाक्य म्हणत राहिले, "कमाल है, भाभीजी आ गईं."

निजामुद्दीनला गाडी येऊन रिकामी झाली होती. काका फलाटावर उभे होते, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, कुणीच नसलेल्या डब्याकडे बघत.

"काका, काकू आल्यात. घरी आहेत."

"मी सगळे डबे बघितले. नाही आली ती."

"अहो, मी आत्ता बघून आले. दाराशी बसल्यात."

"मला बरं वाटावं म्हणून सांगतेस." ते पुन्हा रिकाम्या डब्याकडे वळले. "तू बघितलंस? अंधारात? दुसरं कुणी असेल. मी स्वतः बघितल्याशिवाय मानणार नाही."

"त्या म्हणाल्या, हे स्टेशनवर गेले असणार. मी दारात म्हटलं होतं."

काका बाकावर बसले आणि हसायला लागले. हमाल थांबून बघू लागले तरी हसणं थांबेना. "तीच," ते म्हणाले. "तीच आहे. चला, चला." मग डोळे पुसत पुसत, "म्हणजे मी त्या अकरा जणांतलाच की गं. त्यांच्यासारखं मलासुद्धा बायकांनीच येऊन सांगावं लागलं, आणि तरी मी मानलं नाही."

त्या वयात काका तीन मजले धावत चढले. चोप्रासाहेब पहिल्या मजल्यावर सतरंजीत पाय अडकून बसले. काकू तशाच दाराशी बसलेल्या. काका त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले. बोलता आलं तेव्हा त्यांनी गाडीची, टॅक्सीची, कशाचीच चौकशी केली नाही. "नगरला कधी जायचं?" त्यांनी विचारलं.

"आधी कुलूप उघडा," काकू म्हणाल्या.

त्या वर्षी गच्चीवरची पहाटेची उपासना उन्हात झाली. काकूंचा आवाज असा लागला की पलीकडच्या ब्लॉकमधला एक माणूस तक्रार करायला आला आणि अंडी खाऊन गेला. मे महिन्यात फ्लॅट विकून दोघं नगरला गेली. जाताना वॉशिंग मशीन ट्रकमध्ये सगळ्यात आधी चढलं.

काका गेल्याचं मला काकूंच्या फोनवरून कळलं, काही वर्षांनी. मी इकडे रडत होते आणि तिकडे त्यांचा आवाज अगदी स्थिर. झोपेतच गेले म्हणाल्या. पण आदल्या आठवड्यापासून म्हणत होते, की आता मी निघतो, पण शेवटच्या दिवशी आपण सगळे उठणार आहोत, तेव्हा भेटूच.

"मग तुम्ही काय म्हणालात, काकू?"

"मी काय म्हणणार," त्या म्हणाल्या. "म्हटलं, मी थांबते. पण कुठे थांबू ते या वेळी नीट ठरवून घेऊ."