सरकीचं टरफल

पॉलिशचं मशीन तापलं की रबिंग कंपाउंडचा उग्र वास सुटतो, अन् इथं पुण्यातही मला सेलूची ती काळी गाडी दिसते.

नववीतून शाळा सोडून मी उस्तादांकडं गाडीला पॉलिश मारायला शिकत होतो. त्यांनी काम दिलं, स्वतःच्या डब्यातलं खाऊ घातलं. ते मी विसरलो नाही. शेजारच्या जिनिंग मिलमधला कापूस फुकट मिळायचा, म्हणून शेवटचा हात ते कापसानंच मारायला लावायचे. त्या दिवशी बोळ्यात सरकीचं टरफल राहिलं. गाडी उन्हात काढली, तर बॉनेटभर गोल ओरखडे.

गाडीचे मालक भडकले. उस्तादांनी माझ्याकडं बोट केलं. "शाळा सोडलेलं येडं हाय, शेट. उद्यापासून येनार न्हाई."

कापूस त्यांचा, अन् येडा मी! बोळा तिथंच टाकून मी निघालो. त्याच आठवड्यात गाव सुटलं.

काल इतक्या वर्षांनी उस्तादांचा फोन आला. "लेका, कोन्तं मशीन घिऊ?"

"डुलत फिरणारं घ्या, त्यानं रंग जळत नाही. अन् उस्ताद, कापूस वापरू नका."

"कापूस? त्यो तर त्याच दिशी सोडला की रे."

त्याच दिवशी! म्हणजे चूक कुणाची, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.