लेकीच्या गावातला मुक्काम

आमच्या मायने मोठ्या महादेवाला पायी जायचं ठरवलं, आणि तेही पौषात. पांढुर्ण्याहून पचमढीचा महादेव म्हणजे दहा-बारा दिवसांची चाल. आमच्याकडचे लोक जातात ते शिवरात्रीला, जथ्याने, "हर बोला" करत. एकट्यादुकट्याने भर थंडीत कोणी जात नाही. मी मायला तसं म्हणून पाहिलं.

"शिवरात्रीला लाख माणसं मागाले जातेत," ती म्हणाली. "त्या गर्दीत माहं कोन आयकन? पौषात देव रिकामा असते."



तिला मागायचं होतं ते माझ्या थोरल्या बहिणीसाठी. ताईच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. आमच्या घरी रीत अशी की लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी आईबापांनी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. माय वर्षातून एकदा ताईकडे जाई, ओसरीवर बसे, पदराच्या गाठीतली स्वतःची सुपारी खाई आणि उन्हं कलायच्या आत परत निघे. नवसाबद्दल ताईला कळू द्यायचं नाही, अशी मला ताकीद होती.

वडील दुकान सोडून हलत नसत, म्हणून सोबतीला मी. मी तेव्हा पांढुर्ण्याच्या शाळेत नवा मास्तर होतो आणि नियोजन या विषयात स्वतःला मोठा समजत होतो. शिवरात्रीला जाऊन आलेल्या चार म्हाताऱ्यांना बसवून मी मुक्कामांची यादी केली, वहीत लाल शाईने रेघा मारल्या. कुठे धर्मशाळा, कुठे मांडव, कुठे गावकरी अंगण सारवून ठेवतात, सगळं लिहिलं. शिवाय नागपूरच्या एका साहेबांची डाकबंगल्यासाठी चिठ्ठी मिळवली होती. नवे कॅनव्हासचे बूट घेतले. माय नेहमीच्या वहाणांवर निघाली.

पहिली रात्र वाटेत एका नातलगाकडे गेली, दुसरी जामसांवळीला. तिथे मारुतीच्या देवळात बाराही महिने माणूस असतो, त्यामुळे माझी यादी खरी ठरली आणि मी मायला दोनदा तसं सांगितलंही. तिसऱ्या दिवशी सौंसर मागे टाकून ऊन उतरायच्या सुमारास आम्ही घाटाअलीकडच्या गावात पोचलो. हे ताईचं गाव. वाटच त्यातून जात होती. पण गावाबाहेर धर्मशाळा होती, तिथे रात्र काढायची आणि पहाटे पुढे निघायचं, असं माझ्या वहीत होतं.

धर्मशाळेला कुलूप होतं.

शेजारच्या मळ्यात एक बाई वाल तोडत होती. तिला विचारलं.

"किल्ली? किल्ली हाये ना. किल्लीवाला कापूस घेऊन पांढुर्ण्याच्या जिनात गेला."

"कधी?"

"काल सकाळी. तुमाले रस्त्यात गाडी नाई भेटली?"

भेटली होती. उलट दिशेने चाललेल्या त्या गाडीवानाला मी हात जोडून "राम राम" केला होता आणि त्याच्या बैलांचं कौतुकही केलं होतं. किल्ली बहुतेक त्याच्या कमरेला असावी.

"अन् आत्ता कायले उघडी राहीन?" बाई म्हणाली. "शिवरात्रीले अजून वेळ हाये, बापा."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की मी शिवरात्रीची यादी घेऊन पौषात चाललो आहे. तिच्यात मांडव, अंगणं, पाणपोया सगळं होतं, पण ते सगळं महिन्याभराने उभं राहणार होतं. मायला मी हे सांगितलं नाही. तिला दिसतच होतं.

मग डाकबंगला. तिथला चौकीदार मफलर गुंडाळून शेकोटीशी बसला होता. मी चिठ्ठी त्याच्या हातात दिली. त्याने ती उजेडाकडे धरली, खालचा शिक्का नीट पाहिला आणि परत दिली.

"मास्टरजी, ये नागपुर की चिट्ठी है। नागपुर अब अपना नहीं रहा। भोपाल से लाओ।"

जुना प्रांत मोडून, नागपूर एका राज्यात आणि आम्ही दुसऱ्यात जाऊन जेमतेम दोन-तीन महिने झाले होते. मी वर्गात मुलांकडून नव्या राज्याचा नकाशा रंगवून घेतला होता, राजधानी भोपाळ म्हणून फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. चिठ्ठी मात्र नागपूरची घेऊन निघालो होतो.

"अब्बी ये जो बुढ़ी माय..." मी माझ्या हिंदीत सुरुवात केली.

"मले म्हातारी म्हनू नको," माय मागून म्हणाली, "चाल तिकडं."

तिकडं म्हणजे गावातला मारुती. सभामंडप तीन बाजूंनी उघडा. दगडाची फरशी पायाला चावत होती. वारा घाटावरून सरळ आत येत होता. माझ्या दोन्ही टाचांना फोड आले होते. मायने गाठोडं खांबाला टेकवलं, दशमीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "झोपू इथंच." पण तिचे दात वाजत होते आणि तुकडा तोंडापर्यंत नीट जात नव्हता. जामसांवळीलाच तिला रात्रभर खोकला होता. अशा जागी रात्र काढली तर उद्या घाट चढायचा कसा? आणि गाडीत बसवलं तर नवस मोडला.

ताईचं घर तिथून तीन गल्ल्या पुढे होतं. माय त्या बाजूला पाठ करून बसली होती.

वाल तोडणाऱ्या बाईने तोवर बातमी पोचवली होती. आधी ताईचे सासरे आले, हातात कंदील, अंगाला संत्र्याचा वास. बागेतून तसेच आले असावेत.

"विहीनबाई, हे काय करून राहिल्या? आमच्या गावात पाव्हना मारुतीपाशी उघडा झोपला तं उद्या मारुती मले इचारन ना."

"रीत हाये, व्याहीबुवा," माय म्हणाली.

"रीतीले थंडी वाजत नाई. तुमाले वाजून राहिली."

माय हसली, पण उठली नाही. तेवढ्यात ताई आली. डोईवर दोन गोधड्या. त्या तिने खाली ठेवल्या आणि आमच्याकडे न पाहता फरशीवर अंथरू लागली.

"हे काय व?" माय.

"तू घरी येत नाई तं मी इथं झोपतो तुह्याजवळ. देवळात तं रीत नाई ना कोनती?"

"अवं, गारठशीन."

"तू नाई गारठत?"

इथे मी शहाणपणा केला. वातावरण निवळावं म्हणून म्हणालो, "ताई, रागावू नको. अगं, तुझ्यासाठीच तर माय महादेवाला चालली आहे."

मायने माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातली दशमी बाजूला ठेवली. ताईचे हात गोधडीवर थांबले. सासरे कंदील घेऊन जरा लांब, देवळाच्या पायरीशी जाऊन उभे राहिले.

"मंजे लेकरू मांगाले," ताई म्हणाली. "हो ना?"

माय पदराची गाठ चाचपू लागली.

"अन् महादेवानं नाई देलं तं? मंग तू जन्मभर माह्या ओसरीवरच बसशीन काय? मी मेली तरी बाहेरूनच पाहून जाशीन?"

"असं बोलू नोको व, बाई."

"सात वर्सं झाली. तू आली का मी रांधतो, अन् तू गेल्यावर ते गायीले घालतो. तुले ठाऊक हाये?"

हे मायला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मायने हातातला तुकडा फडक्यात बांधला, गाठ मारली, पुन्हा सोडली, पुन्हा मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "गाठोडं उचल."

"कुठे?"

"मास्तर हायेस न तू? इचारून काय राहिला?"

मी गाठोडं उचललं, ताईने गोधड्या. घरी पोचताच तिने लोटीभर पाणी आणलं. मायने ते दोन्ही हातांनी धरलं, थोडं थांबली आणि उभ्यानेच पिऊन टाकलं. मग खोकली. ताई तिची पाठ चोळत राहिली. त्या रात्री ताईने वालाची भाजी आणि ज्वारीची भाकर केली. माय चुलीपाशी बसून जेवली आणि भाजीत मीठ जास्त आहे, असंही म्हणाली.

आम्ही तिथे दोन दिवस राहिलो, खोकला उतरेपर्यंत. पुढच्या गावात कोणाकडे उतरायचं ते ताईच्या सासऱ्यांनी नावानिशी सांगितलं आणि वही मी ताईच्याच पेटीच्या तळाशी ठेवून दिली. महादेवाला पोचलो. गाभाऱ्यात माय बराच वेळ उभी होती. काय मागितलं, ते मी विचारलं नाही.

ताईला मूल झालं नाही. माय मात्र त्यानंतर दर हिवाळ्यात संत्र्याच्या तोडणीला तिच्याकडे जाऊ लागली. चार दिवसांसाठी म्हणून निघायची, आणि पंधराव्या दिवशी कोणाच्या तरी हाती निरोप यायचा, की इथली मंडळी फार आग्रह करून राहिली, तुम्ही तिकडे आपलं आपलं रांधून खा.