दाबून दिलेले ठिपके

अहिरेबाई गेल्याचं मला सातपूरच्या बाजारात मेथी निवडताना कळलं. मुलीच्या जुन्या मैत्रिणीची आई भेटली, म्हणाली, "रविवारी शाळेत शोकसभा आहे, या." गेलो. निवृत्त मुख्याध्यापक माईकवर म्हणाले, "पालकांना सोबत घेऊन मुलांना वाचायला शिकवणाऱ्या आदर्श शिक्षिका!" माझं डोकंच सणकलं. ज्या माणसानं बाईंचं नेमकं तेच काम बंद पाडलं, तोच त्याचे गोडवे गात होता. महिना होत आला, राग उतरत नाही... आणि खरं सांगायचं तर तो सगळाच त्यांच्यावरचा नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी मुलगी मनीषा अहिरेबाईंच्या वर्गात तिसरीत होती, मी कारखान्यात पाळीनं कामाला. बाईंनी प्रत्येक मुलाला एक वाचनवही दिली होती. घरी रोज पाठ्यपुस्तकाचं एक पान मोठ्यानं वाचायचं, आईनं किंवा वडिलांनी ऐकायचं आणि वहीत सही करायची. मी रविवारी साती सह्या एका दमात ठोकायचो. पोरगी हुशार, पाहुण्यांसमोर धडा घडाघडा म्हणून दाखवायची, मग ऐकायचं काय? एक दिवस बाईंनी शाळेत बोलावलं. माझ्यासमोर मनीषाला पुस्तक दिलं आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, "हा कोणता?" मग त्या शब्दापर्यंत पोचायला तिनं धडा पहिल्यापासून म्हणायला घेतला. वर्गात सगळ्यांबरोबर म्हणून म्हणून तिला तो पाठ झाला होता... वाचता एक ओळ येत नव्हती.

मला लाज वाटायला हवी होती, पण मी बाईंवरच उखडलो. "पगार तुम्ही घ्यायचा आणि शिकवायचं आम्ही?" बाई चांदवडकडच्या, चिडल्या की गावची भाषा तोंडात यायची. "साठ पोरं हायेत माझ्याकडं. मी हिला मिनिटभर देते, तुम्ही पंधरा द्या. नाय जमत तर तसं सांगा. पण खोटी सही करून मला फसवू नका, भाऊ."

मग त्यांनीच तोड काढली. मनीषा जिथं अडेल त्या शब्दाखाली मी पेन्सिलीनं ठिपका द्यायचा, दुसऱ्या दिवशी बाई तेवढेच शब्द तिच्याकडून करून घेणार. पहिले काही दिवस मी रागारागानं दाबून ठिपके दिले. गोवर आल्यासारखं पान दिसायचं. दिवाळीनंतर ते कमी होत गेले, आणि एकदा बसच्या खिडकीतून मनीषा ओरडली, "बाबा, इथं 'पत्रे वाकवून मिळतील' लिहिलंय!" इतकं सुंदर वाक्य मी आयुष्यात ऐकलं नाही. एव्हाना वर्गातले आणखी पालकही ठिपके द्यायला लागले होते.

मग पालकसभा झाली. मुख्याध्यापकांनी एक पुस्तक सगळ्यांसमोर नाचवलं. "ही पुस्तकपेढीची पुस्तकं आहेत. वर्षाअखेर कोरी परत करायची असतात. हे ठिपके आजपासून बंद! बाईंनी सगळे खोडून द्यावेत." बाई उभ्या राहिल्या. "पालकांनीच सांगावं, फायदा झाला की नाही." आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी दुसऱ्या रांगेत होतो. पोरीला अजून याच शाळेत वर्षं काढायचीत, कशाला वाकडं घ्या... मी चपलेकडं बघत बसलो. कुणीच तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बाई मधल्या सुट्टीत खोडरबर घेऊन बसायच्या. पुढच्या वर्षी वाचनवहीसुद्धा बंद झाली. माझी पोरगी तरली, बाकीच्यांचं काय झालं ते विचारायची मला हिंमत झाली नाही.

शोकसभेत शेवटी विचारलं, "कुणाला दोन शब्द बोलायचेत?" मी पुन्हा बसून राहिलो. भित्रा तो भित्राच. म्हणून हे लिहितोय, उशिरा.

मनीषाचं ते पुस्तक मी परत केलं नव्हतं, हरवलं म्हणून नवं नेऊन दिलं होतं. काल ती माहेरी आली तेव्हा कपाटातून काढलं. पानं स्वच्छ होती, बाईंनी एक ठिपका सोडला नव्हता. पण पान उजेडाकडं तिरकं धरलं की शब्दांखाली बारीक खड्डे दिसतात. मनीषानं त्यांवरून बोट फिरवत एकेक शब्द वाचला आणि हसली. "एवढे अडायचे मला? आणि हे खोडले कुणी?"

मी सगळं सांगितलं, पालकसभेपर्यंत.

"मग तुम्ही काय बोललात, बाबा?"

मी पुस्तक मिटलं.